तुळजाक्का आणि आळशी जपानी आई

तुळजाक्का तोंडात टाचण्या धरून बोलायच्या. टाचण्या ओठांच्या उजव्या कोपऱ्यात आणि बोलणं डाव्या कोपऱ्यातून. मुलींच्या शाळेत वर्षानुवर्षं शिवण शिकवून त्यांना ती सवयच लागली होती, त्यामुळे टाचण्या नसल्या तरी तोंड तसंच अर्धं उघडायचं. मी लग्न होऊन मिरजेहून मद्रासला आले, तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्यांच्या तोंडावरून वारं गेलंय. म्हणून पहिले काही दिवस मी त्यांच्याशी अगदी हळू, मायेनं बोलत असे, आजारी माणसाशी बोलावं तसं. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग एक दिवस सगळ्या टाचण्या काढून तळहातावर ठेवल्या आणि मला विचारलं, "पोरी, तुज घसा दुखतो काय गं?"

तिथून जी आमची गट्टी जमली, ती जमलीच.

आम्ही एग्मोरला त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. आमचे हे रेल्वेच्या हिशेबखात्यात. खाली अक्का एकट्या. नवरा त्या अगदी तरुण असतानाच गेलेला, मूलबाळ नाही. माणसं तंजावरची, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली, पण घरात मराठी. आणि काय मराठी हो! 'मला' नाही म्हणायच्या, 'मज' म्हणायच्या. 'तुला' नाही, 'तुज'. मला वाटायचं, माझी पणजी उठून बसली आणि तिला तमिळ हेल चढला. वाक्य सुरू व्हायचं जुन्या मराठीत आणि संपायचं वर, छताकडे. मी एकदा धीर करून म्हटलं, अक्का, आमच्याकडे असं नाही म्हणत. तर म्हणाल्या, "तुमच्याकडे बिघडली गं मराठी. आम्ही इथे झाकून ठेवली, म्हणून टिकली." जसं काही लोणचंच.

आमच्या ह्यांना त्या 'मापिळ्ळै' म्हणायच्या. म्हणजे जावई. हे बिचारे जिन्यावरून खाली उतरले की अक्का पदर सावरून उभ्या राहायच्या, खऱ्या सासूसारख्या, आणि विचारायच्या, "मापिळ्ळै, आमच्या पोरीस नीट ठेवता कीं?" हे लाजून सायकलीची घंटी वाजवत सुटायचे. सायकल अजून भिंतीलाच टेकलेली असायची.

आता मुख्य गोष्ट सांगते. अक्कांना शिवणाचा मनापासून कंटाळा आला होता. हात उत्तम, सगळ्या एग्मोरची पोलकी त्यांनी बेतलेली; पण मन सगळं गोष्टींत. मुलींना काजं करायला शिकवता शिकवता ह्या गोष्ट सांगायच्या, आणि गोष्ट रंगात आली की वर्गभर काजांची भोकं होऊन जायची. शेवटी मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, म्हणाल्या, तुम्हाला गोष्टीच शिकवायच्या असतील तर रीतसर शिका. गावात बायकांच्या एका मंडळानं संध्याकाळचे साहित्याचे वर्ग काढले होते, निरनिराळ्या देशांतल्या कथांचे, इंग्रजीतून. शेवटी एक निबंध. तो पास झाला तर प्रमाणपत्र. ते आणा, नववीचा गोष्टींचा तास तुमचा. नाही तर निवृत्त होईपर्यंत काजं.

त्या काळी पन्नाशीच्या जवळ आलेली बाई वही-पेन्सिल घेऊन वर्गात जाऊन बसते, ह्याचं आमच्या गल्लीत केवढं नवल! अक्का मला बळंच बरोबर न्यायच्या. मी मराठी चौथी पास. इंग्रजी मला दुकानाच्या पाट्यांवरचं येत होतं तेवढंच. पण अक्का म्हणायच्या, तू नुसती बस, कान उघडे ठेव. आज हे जे काही चार शब्द लिहिते आहे ना, ते त्या मागच्या बाकावरचे.

वर्ग घ्यायचे वरदाचारी सर. उंच, वाळके, कपाळावर गंधाचं वैष्णवी नाम, बोलणं एकदम कोरडं. निबंधासाठी त्यांनी एकेकीला एकेक कथा वाटून दिली. अक्कांच्या वाट्याला आली जपानी कथा. तीनच पानं. अक्कांनी ती मला इतक्या वेळा मोठ्यानं वाचून दाखवली, की मला अजून पाठ आहे.

एका बर्फाच्या गावात एक विधवा आई आणि तिची एकुलती एक मुलगी. त्यांच्याकडे मुलींचा म्हणून बाहुल्यांचा सण असतो. त्या दिवशी पायऱ्या मांडतात, त्यांवर लाल कापड घालतात, आणि वरच्या पायरीवर राजा-राणी. दरवर्षी आई सण झाला की त्याच संध्याकाळी बाहुल्या मऊ कागदात गुंडाळून पेटीत ठेवते. ह्या वर्षी मुलीचं लग्न ठरलंय. सण होतो, मुलगी झोपायला जाते. आई पेटीचं झाकण मांडीवर घेऊन बाहुल्यांसमोर बसते. मग झाकण बाजूला ठेवून देते. दुसऱ्या दिवशी बाहुल्या तशाच. तिसऱ्या दिवशीही तशाच. बाहेर बर्फ वितळायला लागतं. संपली गोष्ट.

निबंधाचा प्रश्न एवढाच, की आईनं बाहुल्या का उतरवल्या नाहीत?

आता तुम्हीच सांगा, लाल कापडाच्या पायऱ्या आणि वर राजा-राणी हे तंजावरच्या बाईला वाचायला दिलं, तर तिला काय दिसणार? कोलू दिसणार! नवरात्रात तिकडे घरोघर कोलू मांडतात. लाकडी पायऱ्या, त्यांवर बाहुल्या आणि देव, शेटजी-शेटाणी, वर रक्तचंदनाचे राजा-राणी. नऊ दिवस बायका हळदीकुंकवाला येतात, गाणी म्हणतात, सुंडल म्हणजे फोडणीचे उकडलेले हरभरे खातात. अक्कांचा कोलू गल्लीत पहिला. आणि शिस्त केवढी! विजयादशमीच्या संध्याकाळी एक बाहुली आडवी करून निजवायची, दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या उतरवून, पुसून, जुन्या मऊ धोतरांत गुंडाळून पेटीत. दुपारपर्यंत पायऱ्यांचा मागमूस नाही. बाहुल्या उभ्या राहिल्या तर धूळ बसते, नाकं झिजतात, घराला अवकळा येते.

तेव्हा अक्कांना प्रश्न कसला तो पडलाच नाही. त्यांनी एका बैठकीत निबंध लिहिला आणि त्यात त्या जपानी आईला धू धू धुतलं. घरात लग्न उभं, आणि ही बाई पायऱ्या आवरत नाही. लग्नघरी असा आळस शोभतो काय? झाकण हातात घेतलंस ना, मग लावायला कुणी हात धरला होता? शेवटी सल्लाही दिला होता, की लग्नाच्या गडबडीत बाहुल्या गुंडाळायचं काम शेजारणीला सांगावं.

सरांनी तो निबंध वर्गात वाचला. चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. मग चष्मा काढून विचारलं, "मॅडम, ह्याला संदर्भ काय?"

अक्का उभ्या राहून म्हणाल्या, "आमचं घर, सर."

"स्वतःचं घर हा संदर्भ होत नाही," सर म्हणाले. निदान दोन संदर्भ हवेत, जपानचे हवेत, आणि नवरात्राच्या सुट्टीनंतर निबंध पुन्हा हवा. नाही तर नापास.

घरी येईपर्यंत अक्कांनी टाचण्याही तोंडात घेतल्या नाहीत. दारात पोचल्यावर म्हणाल्या, "इंदू, जपान कुठे मिळतो गं?"

त्या सुट्टीच्या आधीचे ते दिवस आठवले की मला अजून एकटीला हसू येतं. एक तर 'संदर्भ' हा शब्द अक्कांच्या डोक्यात असा चढला, की बोलायची सोय राहिली नाही. मी म्हणावं, अक्का, दूध नासलं. अक्का : "संदर्भ?" हे म्हणायचे, आज गाडी उशिरा आली. अक्का : "संदर्भ काय, मापिळ्ळै?" दारावर वळ्ळी नावाची भाजीवाली यायची. ती म्हणाली, वांगी आज सकाळी तोडलीत. अक्कांनी तमिळमध्ये विचारलं, आधार काय? वळ्ळीनं अक्कांकडे एकदा पाहिलं, टोपलीतून वांगं उचललं, कचकन दोन तुकडे केले आणि अक्कांच्या हातात देऊन म्हणाली, "वाचा." अक्का इतक्या खूश झाल्या, की किडकी निघाली तरी सबंध महिना तिचीच वांगी घेतली.

पहिल्यांदा आम्ही मोठ्या लायब्ररीत गेलो. एग्मोरमध्येच, लाल विटांची, छत एवढं उंच की अक्का आत शिरताच आपोआप कुजबुजायला लागल्या. तिथल्या गृहस्थांना सांगितलं, जपान पाहिजे. त्यांनी शोधून शोधून जे होतं ते आणून दिलं. एक पुस्तक रेशमाच्या किड्यांचं, एक भूकंपाचं, आणि एक ज्यूडोचं. अक्कांनी ज्यूडोचं उचललं. मी म्हटलं, अहो, ही तर कुस्ती. म्हणाल्या, कुस्ती असू दे, पण ती घरात चालली आहे कीं नाही? मागची भिंत दिसते ती पाहा. पायऱ्या कुठे मांडत असतील, ते तरी कळेल.

घरी आल्यावर त्या भिंग घेऊन त्या पैलवानांच्या मागच्या भिंती तपासत बसल्या. पायऱ्या काही दिसल्या नाहीत. पण पाहता पाहता कुस्तीत गोडी वाटायला लागली. एका फोटोत एक चिमुकला माणूस एका धिप्पाड माणसाला पाठीवरून टाकतो आहे. अक्का म्हणाल्या, हे खोटं आहे, असं होणे नाही. मी म्हटलं, संदर्भ? झालं. गादी अंथरली, अक्कांनी कासोटा मारला, पुस्तक खुर्चीवर उघडं ठेवलं, माझा हात खांद्यावर ओढला, एक गिरकी घेतली, आणि मी पंख्याकडे पाहत गादीवर उताणी. नेमके तेव्हाच आमचे हे ऑफिसातून आले. दारात उभे. हातात डबा. बायको जमिनीवर, घरमालकीण कासोट्यात.

"काय चाललंय?" ह्यांनी विचारलं.

"अभ्यास," अक्का म्हणाल्या, आणि पुस्तकाचं पान उलटलं.

मग सेंट्रल स्टेशनाजवळ मूर मार्केट. तिथे जुनी पुस्तकं ढिगानं मिळायची. एका दुकानदारानं शपथेवर सांगितलं, माझ्याकडे जपानी पुस्तक आहे, अस्सल, आतलं अक्षर न्‌ अक्षर जपानी. त्याची शपथ खरी होती. घरी येऊन वर्तमानपत्राचं वेष्टन काढलं, तर ते शिलाईच्या मशीनबरोबर मिळणारं माहितीपुस्तक. अक्कांना अक्षर एक कळेना, पण चित्रं सगळी कळली. बॉबिन, टेन्शन, पट्टा. त्यावरून त्यांनी शाळेतलं बंद पडलेलं मशीन दुरुस्त केलं. आनंद असा, की हे पुस्तक संदर्भ म्हणून लावायचंच, असा हट्ट धरून बसल्या. मी कसंबसं समजावलं, अक्का, त्या आईनं बाहुल्या का नाही उतरवल्या, हे ह्यात नसणार. त्या म्हणाल्या, "तुज काय माहीत? वाचलंस का तू?"

त्याच बाजारातून त्यांनी एक सेल्युलॉइडची बाहुली आणली. तपकिरी केस कपाळावर कापलेले, तळपायावर 'मेड इन जपान'. अक्का तिला खुर्चीवर बसवायच्या आणि काम करता करता विचारायच्या, बोल गं बाई, तुझ्या आईनं असं का केलं? ती आपली हलवली की डोळे मिटायची आणि उघडायची.

सुट्टी जवळ आली, आणि अक्कांचा धीर सुटायला लागला. एका संध्याकाळी पाहिलं तर त्या शाळेतून आणलेला काजांचा ढीग तपासत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, हीच माझी नववी. मला कसंतरी झालं. मी वर आले आणि ह्यांना सांगितलं, काहीतरी करा. हे म्हणाले, मी हिशेबखात्यातला माणूस, जपान माझ्या खात्यात येत नाही. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना पेपरचा एक कपटा घेऊन आले. एका जपानी इंजिनियरच्या पत्नी, श्रीमती ओकाडा, नुंगंबाक्कमच्या एका हॉलमध्ये फुलं रचायची जपानी कला शिकवणार आहेत.

त्या वर्गाला मोटारीतून येणाऱ्या बायका. रेशमी साड्या, हातात विलायती फुलांचे गुच्छ. आम्ही दोघी बसनं गेलो. प्रत्येकीनं फुलं आणायची होती. अक्कांच्या हिशेबानं फुलं एक तर देवाला किंवा वेणीला. ती ताटलीत पाणी घालून नुसती उभी करायची, हे त्यांच्या बुद्धीला पटेना. मग त्यांनी परसातलं एक केळफूल आणि शेवग्याची वाकडी डहाळी घेतली. म्हणाल्या, वर्ग संपला की घरी नेऊन भाजी तरी होईल.

सगळ्या बायका एकमेकींकडे पाहून ओठ चावत होत्या. ओकाडाबाई एकेकीच्या टेबलाजवळून पुढे सरकत अक्कांपाशी आल्या आणि थांबल्या. इवलीशी मूर्ती, पांढरे मोजे. त्यांनी त्या शेवग्याच्या डहाळीकडे बराच वेळ पाहिलं, केळफूल थोडंसं डावीकडे कलतं केलं, आणि कमरेत वाकून अक्कांना नमस्कार केला. अक्कांनीही केला. त्यांनी पुन्हा केला. अक्कांनी पुन्हा. कुणी थांबेचना. पुढच्या आठवड्यात सगळ्या मोटारवाल्या बायका शेवग्याच्या डहाळ्या घेऊन हजर. नुंगंबाक्कममध्ये म्हणे शेंग दिसेना.

पण ह्या सगळ्यात विचारायचं ते राहूनच जात होतं. ओकाडाबाईंना इंग्रजी बेताचं, अक्कांचं इंग्रजी तमिळ हेलाचं. बाहुली म्हटलं की त्या बेबी समजायच्या आणि अक्कांच्या पोटाकडे पाहून गोंधळायच्या. शेवटी अक्का म्हणाल्या, बोलून होणार नाही, दाखवूनच होईल. आणि त्यांनी ओकाडाबाईंना कोलूला बोलावलं.

तो दिवस मी कशी विसरेन! अक्कांनी पायऱ्यांवर नवं लाल कापड घातलं होतं. वर रक्तचंदनाचे राजा-राणी, त्यांच्या स्वतःच्या आईनं लग्नात दिलेले. तिसऱ्या पायरीवर शेटजी-शेटाणीच्या मधे ती सेल्युलॉइडची पोरगी, परकर-पोलक्यात, कारण अक्कांना तिच्या उघड्या तंगड्या पाहवेनात. गल्लीतल्या बायका जमलेल्या. सुंडलाचा वास दरवळत होता. आणि ओकाडाबाई उंबऱ्यात आल्या.

त्यांनी चपला काढल्या, मान वर केली, आणि तोंडावर हात घेतला. तशाच उभ्या. अक्का घाबरल्या, मला म्हणाल्या, काही चुकलं काय गं? तोवर त्या बाई भरभर आत आल्या, कोलूसमोर गुडघ्यांवर बसल्या आणि हसायला लागल्या. हसतायत आणि डोळे पुसतायत. पायऱ्यांवर हात फिरवतायत. वर बोट दाखवून काहीतरी जपानीत म्हणाल्या. अक्का म्हणाल्या, "राजा." बाईंनी मान डोलावली. "राणी." बाईंनी पुन्हा मान डोलावली, आणि बोटांनी चौकोन करून दाखवला, मग छातीवर हात. माझं घर. माझं घर.

आमच्या गल्लीत रिवाज असा, की कोलूला आलेल्या बाईनं गाणं म्हटलंच पाहिजे. आवाज नसेल तरी सुटका नाही. अक्कांनी खूण केल्यावर ओकाडाबाईंनी पाठ ताठ केली आणि अगदी लहान मुलीच्या आवाजात एक गाणं म्हटलं. गल्लीतल्या बायका टाळीनं ताल धरून बसल्या. शब्द एक कळत नव्हता, आणि कुणाचं काही अडतही नव्हतं.

मग अक्कांनी हात धुतले, समोर बसल्या आणि विचारलं. सगळ्या बाहुल्यांकडे हात केला, पेटी ओढून आणली, झाकण उघडून दाखवलं, मग झाकण बाजूला ठेवलं आणि दोन्ही हात हवेत उडवले. सण संपला, आईनं बाहुल्या ठेवल्याच नाहीत. का?

ओकाडाबाई एकदम "ओ, नो, नो" म्हणाल्या. त्यांनी तिसऱ्या पायरीवरची ती परकरातली पोरगी उचलली. "डॉटर," म्हणाल्या. मग शेटजीकडे बोट दाखवलं, "हजबंड." पोरीला शेटजीकडे नेलं, आणि मधेच थांबवलं. सगळ्या पायऱ्यांकडे हात केला. "डॉल्स स्टे," त्या म्हणाल्या, आणि पोरीला हळूच परत जागेवर उभं केलं. "डॉटर स्टे."

तिकडची समजूत अशी, की सण झाल्यावर बाहुल्या लवकर उतरवल्या नाहीत तर मुलीचं लग्न लांबतं. म्हणून प्रत्येक आई धांदलीनं त्या पेटीत घालते.

अक्का त्या बाहुलीकडे पाहत राहिल्या. मग त्यांच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून हसू फुटलं आणि वाढत वाढत इतकं वाढलं, की त्यांना खांबाला धरावं लागलं. "अय्यो, लबाड गं! केवढी लबाड! लग्न मोडवेना, पोर सोडवेना, म्हणून झाकणच लावलं नाही." आणि लगेच दोन्ही गालांत मारून घेतलं. "आणि मी तिज आळशी म्हटलं. भर वर्गात."

सुट्टीभर त्यांनी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मी सुंडल पुरवत होते. नव्या निबंधात सुरुवातीलाच त्या आईची माफी मागितली होती. मी म्हटलं, निबंधात माफी मागतात का? म्हणाल्या, चूक लिहून केली, तर माफी पण लिहूनच नको काय?

आणि संदर्भ दोन. एक, श्रीमती ओकाडा. दोन, माझं घर. मी म्हटलं, अक्का, हेच तर सर नको म्हणाले होते. पण अक्का ऐकेनात. म्हणाल्या, आता ते नुसतं माझं घर नाही, त्यात जपान येऊन गेला.

सर निबंध वाचत होते तेव्हा वर्गात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, आणि अक्कांच्या तोंडात होत्याच. सरांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, परत पहिल्यावर गेले. शेवटी संदर्भांपाशी आले आणि म्हणाले, "मॅडम, इथे पृष्ठांक लागतो."

अक्का म्हणाल्या, "पायरी तिसरी, सर."

वरदाचारी सरांच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली. मी पाहिली. त्यांनी समासात काहीतरी लिहिलं आणि वही परत दिली. बाहेर येऊन आम्ही दोघींनी दिव्याच्या खांबाखाली ती उघडली. लिहिलं होतं : 'घर मान्य. पुढच्या वेळी कृपया एक तरी पुस्तक.'

नववीचा तास अक्कांना मिळाला. मुली सांगायच्या, अक्का गोष्ट सांगतात आणि आम्ही उत्तर दिलं की लगेच विचारतात, संदर्भ? आणि कुणी म्हणालं, 'आमच्या घरी असंच असतं', तर तिला पूर्ण मार्क.

पुढे काही वर्षांनी आमच्या ह्यांची हुबळीला बदली झाली. ऑर्डर आली ती नेमकी नवरात्रात. अक्कांना सांगायची जबाबदारी ह्यांनी माझ्यावर टाकली आणि मी ह्यांच्यावर. शेवटी हे कोलूसमोर उभे राहून घसा खाकरत बोलले. अक्का म्हणाल्या, "बढती आहे कीं?" हे म्हणाले, हो. "मग जायलाच हवं, मापिळ्ळै," म्हणाल्या, आणि ह्यांच्या हातावर सुंडल ठेवलं. मला बरं वाटलं आणि थोडा रागही आला, की एवढंच?

विजयादशमी झाली. आमची बांधाबांध चालली होती, वर-खाली धावपळ, अक्का भांडी गुंडाळायला मदत करत होत्या. दोराच्या गाठी अशा मारायच्या, की हुबळीला गेल्यावर सुरीनं कापाव्या लागल्या. निघायच्या दिवशी, दसरा होऊन आठवडा उलटल्यावर, मी त्यांच्या पाया पडायला खाली गेले. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

पायऱ्या उभ्या होत्या. लाल कापड, वर राजा-राणी, शेटजी-शेटाणी, तिसऱ्या पायरीवर परकरातली पोरगी, सगळी जागच्या जागी. निजवलेली बाहुलीसुद्धा एकही नाही. पेटी खाली ठेवलेली, तिचं झाकण भिंतीला टेकून.

मी म्हटलं, "अक्का, बाहुल्या अजून उतरवल्या नाहीत?"

अक्कांनी कोपऱ्यातल्या टाचण्या जिभेनं जरा सरकवल्या. "आळस," म्हणाल्या. "वय झालं गं."

"संदर्भ?" मी विचारलं. मला हसायचं होतं, पण आवाज भलतीकडेच गेला.

त्यांनी माझी पाठ थोपटली, ह्यांना म्हणाल्या, गाडी चुकेल, आणि आम्हाला अक्षरशः ढकलून बाहेर काढलं. बाहेर रिक्षा उभी होती. सामान चढलं, आम्ही बसलो. रिक्षा वळताना मी मागे पाहिलं. दार उघडंच होतं, आत कोलूचा दिवा लागलेला. ती आळशी बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळून स्टुलावर चढली होती, आणि एकेका बाहुलीच्या नाकावरची धूळ पुसत होती.